चौदा रात्री, तीन मुक्काम: भूमध्य समुद्राकाठी गाडी आणि तंबू

वाचकाचं पत्र: आम्ही पुण्याचे. मी, नवरा आणि दोन मुलं, वय अकरा आणि सात. मे अखेरीला निघून शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं आहे. बेत असा: बार्सिलोनाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राकाठाने नीस, मोनाको करत रोमला पोहोचायचं. हातात चौदा रात्री. राहायचं तंबूत, जेवण शक्यतो हातचं. नवरा म्हणतो मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची सोय असलेली गाडी घेऊ, मला साधी गाडी बरी वाटते. आपलं लायसन्स तिकडे चालतं का? किनाऱ्यावर कुठेही तंबू ठोकता येतो का? कुकर आणि थोडा शिधा नेला तर चालेल का? आणि हे सगळं हॉटेलपेक्षा खरंच स्वस्त पडतं का?

ताई, बेत करण्यासारखा आहे. फक्त त्यातलं रोम आधी काढून टाका, आणि मनावर दगड ठेवून नीस-मोनाकोही.

बार्सिलोना ते रोम हे अंतर हायवेने सरळ गेलात तरी साधारण चौदाशे किलोमीटर आहे. समुद्राला धरून जाणाऱ्या रस्त्यांवर ताशी चाळीसची सरासरी पडली तरी खूप. त्यातून तंबूचा प्रत्येक मुक्काम हलवणं म्हणजे तंबू झटकून गुंडाळणं, भांडी भरणं, गाडी चालवणं, नव्या ठिकाणी रिसेप्शनवर नोंद करणं आणि पुन्हा तंबू उभा करणं. दोन मुलांसह यात अर्धा दिवस जातो. रोज मुक्काम हलवला तर सुट्टी गाडीच्या डिकीतच संपेल. शिवाय स्पेनमध्ये घेतलेली गाडी इटलीत सोडण्याचा आकार इतका मोठा असतो की कधीकधी तो गाडीच्या भाड्यालाही मागे टाकतो.

त्यापेक्षा बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनालाच परत या. पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात. मग सहा रात्री स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांतातल्या रोझेसच्या आखातावर, सान पेरे पेस्काडोर किंवा लेस्काला या गावांच्या आसपास. तिथून सीमा ओलांडून तीन रात्री फ्रान्समधल्या आर्जेलेस-सूर-मेरला आणि पुढे तीन रात्री कामार्गच्या खाजणपट्ट्यात, एग-मोर्तजवळ. परतीच्या वाटेवर शेवटची रात्र जिरोनात. अंतरं अशी: विमानतळ ते रोझेसचं आखात सुमारे दीडशे किलोमीटर, तिथून आर्जेलेस शंभराच्या आत, आर्जेलेस ते एग-मोर्त सुमारे दोनशे, एग-मोर्त ते जिरोना पावणेतीनशेच्या आसपास. एकही दिवस गाडीत संपत नाही.

रात्रींची ही वाटणी व्हिसासाठीही सोयीची आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. तुमच्या आठ रात्री स्पेनमध्ये आणि सहा फ्रान्समध्ये होतात, म्हणजे अर्ज स्पेनकडे. वाटेत फ्रान्समधला मुक्काम लांबवण्याचा मोह झाला तर अर्ज भरायच्या आधीच हा हिशेब पुन्हा करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत घेतात, पण मे महिन्याच्या अपॉइंटमेंटना झुंबड असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच पाहा. राहण्याचा पुरावा म्हणून कॅम्पसाइटचं बुकिंग चालतं, मात्र प्रत्येक रात्रीचं हवं आणि त्यावर चौघांची नावं हवीत. विम्याचं कवच माणशी किमान ३०,००० युरोचं लागतं.

लायसन्सचं उत्तर: नुसतं आपलं लायसन्स पुरत नाही. सोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. तो मूळ लायसन्सच्या जोडीनेच ग्राह्य धरतात, म्हणून दोन्ही जवळ ठेवा. तुम्ही दोघंही चालवणार असाल तर दोघांचे परवाने काढा आणि गाडीच्या करारात दोघांची नावं घाला. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो.

गाडी आणि मोटरहोमच्या वादात आमचं मत तुमच्या बाजूने. मोटरहोम त्या किनाऱ्यावर वाईट नाही, पण पहिल्यांदाच उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याने सहा-सात मीटर लांबीचं धूड घेऊन जुन्या गावांच्या गल्ल्यांत शिरू नये. दुसरं म्हणजे समुद्रावरच्या बहुतेक पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास उंचीवर आडवा दांडा लावलेला असतो. तो मोटरहोम अडवण्यासाठीच असतो. पाणी समोर दिसतं आणि गाडी लावायला दीड किलोमीटर मागे जावं लागतं. तुम्हाला मागे मोठी डिकी असलेली इस्टेट गाडी पुरेल. सूटकेस नकोत, मऊ बॅगा न्या. त्या कोपऱ्यात कोंबता येतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, तिकडे अजून गिअरच्या गाड्या पुष्कळ असतात. सीमा ओलांडणार हे करार करतानाच सांगा. डिपॉझिटसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड बहुतेक काउंटरवर घेत नाहीत. कार्डांचा परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून चालू करून ठेवा, तो मुळात बंद असतो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जवळ असू द्या, कारण माणूस नसलेल्या पंपांवर पेट्रोल देण्याआधी मशिन शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं आणि कधीकधी कार्ड सरळ नाकारतं.

पंपावरची एक चूक महागात पडते. स्पेनमध्ये ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजेही डिझेलच. पेट्रोलला तिथे ‘सां प्लों’ म्हणतात. नावांच्या नादी लागू नका, खूण पाहा. इंधनाच्या झाकणाच्या आत आणि नोझलवर गोल चौकटीत ई५ किंवा ई१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल.

मुलांच्या सीटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते आधी सांगायला हवं. स्पेनमध्ये १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मागेच बसवायचं आणि तेही बूस्टर किंवा सीटवर. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्यांना तोच नियम. धाकट्याला नक्की लागेल. थोरल्याची उंची आजच दाराच्या चौकटीला लावून मोजा. सीटवर युरोपीय मान्यतेचं आर४४ किंवा आर१२९ असं लेबल असावं लागतं, म्हणून इथली नेण्यापेक्षा गाडीबरोबरच मागवा.

रात्रभर विमानात काढून लगेच स्टिअरिंग हाती घेऊ नका. पहिली रात्र हॉटेलात काढायला सांगितली ती याचसाठी. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्या. बसल्यावर गिअर उजव्या हाताला येतो. इंडिकेटर डाव्या दांडीवर असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर फिरेल. त्याने गोंधळू नका. आपल्या एक्स्प्रेसवेवर उजवी लेन धरून निवांत जाणारे पुष्कळ दिसतात. तिकडे डाव्या लेनमध्ये तसं करू नका: कायम सर्वांत उजव्या लेनमध्ये चालायचं, डावी लेन फक्त ओव्हरटेकपुरती. सर्कलला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. आत फिरत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे तुम्ही डावीकडे पाहून थांबायचं, आणि बाहेर पडताना उजवा इंडिकेटर द्यायचा.

फ्रान्समधल्या गावांत आणखी एक नियम नवख्याला चकवतो. पाटी नसेल तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तुमचा रस्ता कितीही मोठा दिसो. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, अशी पाटी दिसली तर तुमच्या रस्त्याला प्राधान्य आहे. तीच पाटी काळ्या रेघेने खोडलेली दिसली तर प्राधान्य संपलं. वेगाच्या मर्यादा स्पेनमध्ये हायवेला १२० आणि साध्या रस्त्यांना ९०. फ्रान्समध्ये हायवेला १३०, पाऊस असेल तर ११०, आणि साध्या रस्त्यांना बहुतेक ठिकाणी ८०. स्पेनमधल्या गावांत जाण्या-येण्याला एकेकच लेन असेल तर ३०, हा नियम २०२१ पासून आहे. कॅमेरे सर्वत्र आहेत, आणि दंडाच्या वर गाडीची कंपनी स्वतःचा कागदपत्रांचा आकारही लावते.

तुमच्या वाटेवरचा स्पेनमधला एपी-७ हायवे सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त आहे. सीमेपलीकडचा ए-९ मात्र टोलचा. आत शिरताना मशिनमधून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना कार्डाने पैसे भरायचे. ते तिकीट जपून ठेवा. हरवलं तर सर्वांत लांबच्या अंतराचा टोल बसतो. नाक्यावर ज्या लेनवर नुसतं इंग्रजी ‘टी’ अक्षर आहे ती टॅगवाल्यांची, तिकडे जाऊ नका. हिरव्या बाणाची लेन धरा.

किनाऱ्यावर कुठेही तंबू? नाही. स्पेनच्या किनारा कायद्याने समुद्रकाठच्या सार्वजनिक पट्ट्यात तंबू ठोकणं मना आहे, आणि फ्रान्समध्येही समुद्रकाठी मोकळ्यावर तंबूला बंदी आहे. आगीचे नियम तर त्याहून कडक. कॅटलोनियात १५ मार्च ते १५ ऑक्टोबर या काळात जंगलात आणि जंगलापासून ५०० मीटरच्या आत उघडी आग पेटवता येत नाही. पाइनची झाडं वाळून कोळ झालेली असतात आणि वारा ठिणगी किलोमीटरभर नेतो. हे नियम मनापासून पाळा.

कॅम्पसाइट मात्र हाकेच्या अंतरावर आहेत आणि तुमच्या तारखांना जागाही मिळते. तंबूच्या जागेला स्पेनमध्ये ‘पार्सेला’ म्हणतात आणि फ्रान्समध्ये ‘आंप्लासमां’. ‘मोबिल-होम’ म्हणजे आयती लाकडी-पत्र्याची खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमसह. आमचा सल्ला: पहिले दोन मुक्काम तंबूत, एग-मोर्तचा तिसरा मोबिल-होममध्ये. खाजणातले डास संध्याकाळी अक्षरशः उठवून लावतात आणि मुलांना जाळीच्या खिडक्या हव्यातच. शिवाय तिथे तंबू दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवून, माती झटकून भरता येतील. ओला तंबू बॅगेत घालून पुण्यापर्यंत आणला तर तो बुरशीने काळा होतो. मोबिल-होममध्ये चादरी-टॉवेल बहुधा वेगळे पैसे भरून मिळतात आणि निघताना सफाई तुमच्याकडे असते, हे बुकिंगमध्ये वाचून घ्या.

स्वस्त पडतं का, याचं उत्तर बुकिंगच्या तपशिलात आहे. वेबसाइटवरचा मोठ्या अक्षरांतला दर बहुधा दोन माणसं, एक गाडी आणि एक तंबू यांचा असतो. मुलं, वीज, दुसरा छोटा तंबू आणि प्रौढांवरचा पर्यटन कर हे वर चढतं. हे सगळं धरूनही जुलै-ऑगस्टच्या आधी तंबूची जागा चौघांच्या हॉटेलखोल्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते. मोबिल-होमचा फरक तेवढा मोठा नाही. तिथे बचत होते ती स्वयंपाकात. मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या असेन्शनच्या गुरुवारी आणि पेंटेकॉस्टच्या सोमवारी सुट्टी असते. या तारखा ईस्टरप्रमाणे दर वर्षी सरकतात आणि जोडून आलेल्या शनिवार-रविवारी कॅम्पसाइट भरतात, म्हणून कॅलेंडर पाहूनच दिवस पक्के करा.

पोहोचण्याची वेळ सांभाळा. छोट्या कॅम्पसाइटचं रिसेप्शन दुपारी बारा ते दोन बंद असू शकतं आणि संध्याकाळी सात-आठला मिटतं. रात्री दहा-अकरानंतर गेटचा दांडा खाली येतो आणि गाडी सकाळपर्यंत बाहेर राहते. चारच्या सुमारास पोहोचाल असा हिशेब धरा. जूनच्या सुरुवातीला तिकडे सूर्य साडेनवाच्या आसपास मावळतो, त्यामुळे तंबू लावून, स्वयंपाक करून उजेडात जेवण होतं.

आता तंबू. चौघांचा उंच तंबू नेऊ नका. तिघांचे दोन ठेंगणे घुमटी तंबू घ्या, प्रत्येकी साडेतीन-चार किलोचे. तिघांचा तंबू म्हणजे तीन पथाऱ्या एकमेकींना खेटून, बॅगेला जागा नाही. दोघांना तो बरोबर पुरतो. ठेंगणे म्हणतो ते ट्रामुंतानासाठी. पिरेनीज ओलांडून उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा रोझेस आणि आर्जेलेसच्या पट्ट्यात कोणत्याही महिन्यात सुटू शकतो. आभाळ निरभ्र असतं, ऊन लख्ख असतं आणि झोत मात्र तंबू उपटून नेणारे.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक सळईच्या खुंट्या तिथे कामाच्या नाहीत. सान पेरे पेस्काडोरला जमीन वाळूमिश्रित आहे, तिच्यात सळई लोण्यात सुरी शिरावी तशी जाते आणि तशीच बाहेरही येते. तिथे इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘वाय’ आकाराच्या छेदाच्या, २५ ते ३० सेंटीमीटर लांब खुंट्या लागतात. त्यांची पसरट बाजू वाळूला अडते. आर्जेलेसच्या बाजूला कडक, खडे असलेली जमीन भेटू शकते. तिथे सळई वाकते आणि प्लॅस्टिकची खुंटी तुटते. तिथे जाड खिळ्यासारखी पोलादी खुंटी आणि हातोडी हवी. दोन्ही जातीच्या मिळून तीसेक खुंट्या घ्या, आणि त्या चेक-इनच्या सामानातच घाला. खुंटी सरळ उभी ठोकू नका. डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, टोक तंबूच्या बाजूला, म्हणजे दोर आणि खुंटी यांच्यात साधारण काटकोन होतो. सरळ खुंटी दोराच्या थरथरीने हळूहळू वर सरकते आणि पहाटे तीनला सुटते. तंबूची अरुंद, उतरती बाजू उत्तर-वायव्येला ठेवा, दार दक्षिणेला. बुकिंग करतानाच झुडपांच्या कुंपणाची जागा मागा. सगळे दोर बांधायचे, हवा शांत असली तरी. नायलॉनचं कापड रात्रीच्या दवाने सैलावतं, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा दोर ओढून घ्या. वारा वाढला की दाराची चेन बंद. उघड्या दारातून आत शिरलेला वारा तंबूचं पॅराशूट करतो. ताशी साठच्या वर झोतांचा अंदाज दिसला तर तंबू उजेडातच खाली घ्या आणि रिसेप्शनवर त्या रात्रीसाठी खोली मागा. रात्र साधारण १३ ते १५ अंशांची असते. दहा अंशांपर्यंत आरामशीर झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली फोमची चटई पुरते. नुसत्या हवेच्या गादीवर थंडी खालून लागते.

विजेची जागा घ्यावी, पण ती किती अँपिअरची हे विचारून. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. आपली १५०० वॅटची किटली लावली की पेटीतला एमसीबी पडतो. पेटीला बहुधा कुलूप असतं, आणि रिसेप्शन बंद झालं असेल तर रात्र अंधारात. १० अँपिअरला २३०० वॅट मिळतात. किटली चालते, पण तिच्यासोबत इंडक्शन लावू नका. पेटीत बहुधा निळं, जाड तीन पिनांचं सॉकेट असतं. त्याचा अडॅप्टर बऱ्याचदा रिसेप्शनवर अनामत घेऊन देतात, आधी विचारा. वायर २५ मीटर, अडीच चौरस मिलिमीटरची. ती रिळावर असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरवर जास्त भार टाकला तर आतले वेढे तापतात आणि प्लॅस्टिक वितळतं. आपले जाड गोल तीन पिनांचे प्लग तिकडे बसत नाहीत; दोन पिनांचे चार्जर बसतात.

कुकर जरूर न्या, तीन लिटरचा. विमानात चेक-इन सामानातून चालतो. गॅसची कुपी मात्र विमानात कुठेच चालत नाही, आणि वापरलेल्या शेगडीला गॅसचा वास असला तर तीही काढून ठेवायला लावतात. म्हणून शेगडी तिकडेच घ्या, आणि ती कुठल्या कुपीवर चालते हे आधी पाहा. फ्रान्स-स्पेनच्या साध्या दुकानांत सहज मिळते ती कॅम्पिंगगाझची, दाबून खटकन बसणारी सीव्ही ४७० कुपी. आट्यांची कुपी, जिच्यावर इथे मिळणाऱ्या बऱ्याच ट्रेकिंगच्या शेगड्या बसतात, ती वेगळी. तिच्यासाठी खेळाच्या मोठ्या दुकानात जावं लागतं. एकीची शेगडी दुसरीवर बसत नाही, आणि नेमकं हे रविवारी दुपारी, दुकानं बंद झाल्यावर लक्षात येतं. कुपीच्या डोक्यावर बसणारी शेगडी कुकरसाठी नको. भरलेल्या कुकरचं वजन वर आणि बूड अरुंद, एका धक्क्यात कलंडते. नळीने जोडलेली, जमिनीवर पसरट बसणारी शेगडी घ्या. सीव्ही ४७० मध्ये ४५० ग्रॅम गॅस असतो. मोठ्या आचेवर तो साधारण अडीच तास पुरतो. वरण-भात, भाजी आणि दोन वेळचा चहा असं धरलं तर दोन मुक्कामांना चार कुप्या घ्या. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावाल तेव्हा कुपी त्याच्या बाहेर हवी. आडोशातली उष्णता कुपीला लागली तर ती फुटू शकते. आणि तंबूच्या आत शेगडी कधीही नाही, पाऊस असला तरी नाही. आगीपेक्षाही बंद तंबूत साचणारा कार्बन मोनॉक्साइड घातक, त्याला वास नसतो.

शिध्यात तूप घालू नका. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, दुधाची पावडर, सगळं गेलं. ताजा कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, सुकी चटणी न्या. डाळ-तांदूळ तिकडेच घ्या: फ्रान्समध्ये ‘लांतीय कोराय’ म्हणजे आपली मसूर डाळ, स्पेनमध्ये ‘गारबांसो’ म्हणजे काबुली चणे, आणि फ्रान्समधला ‘समूल’ हा रवाच, उपम्याला उत्तम. तूप हवंच असेल तर बिनमिठाचं लोणी, ‘बर दू’, पाव किलो घेऊन मंद आचेवर कढवा. साधारण २०० ग्रॅम तूप निघतं आणि मुक्कामभर पुरतं.

समुद्र आपल्यापेक्षा फार वेगळा. तिकडे भरती-ओहोटी फूटभरच असते, त्यामुळे किनारा जागचा हलत नाही. पण पाणी थंड, जूनच्या सुरुवातीला १८-१९ अंश. कोकणातल्या मे महिन्याच्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं पाचेक मिनिटांत निळी पडतात. अंगाला चिकटणारा निओप्रीनचा आखूड सूट घ्या. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ट्रामुंताना जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळ पाणी सपाट, शांत भासतं आणि हवेची गादी किंवा रिंग मुलाला घेऊन भराभर आत सरकते. त्या वाऱ्यात फुगवायची खेळणी गाडीतच राहू द्या. जेलीफिश चावला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. गोडं पाणी लागताच त्वचेवर राहिलेल्या डंखपेशी फुटतात. फ्रान्समधल्या कॅम्पसाइटच्या तरणतलावात सैल चड्डी किंवा टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत, मुलांना आणि त्यांच्या बाबांना अंगाबरोबर बसणारे पोहण्याचे कपडे घ्या. सार्वजनिक संडासात कागद नसतो असंही आढळतं. एक मग आणि कागद जवळ असू द्या.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण तुम्ही त्याबद्दल विचारलं नाही म्हणून थोडक्यात. रोझेसच्या आखातावरून एम्पूरियेसचे ग्रीक-रोमन अवशेष, कादाकेस हे गाव आणि फिगेरेसचं चित्रकार दालींचं संग्रहालय अर्ध्या-अर्ध्या दिवसात होतं. आर्जेलेसहून शेजारच्या कोलियूर गावाला गाडी नेऊ नका, पार्किंगच्या शोधात तास जातो. आर्जेलेसच्या स्टेशनातून लोकल गाडी थेट तिथे जाते. डी ९१४ हा पुढचा किनारी रस्ता वळणांचा आहे, मुलांना मळमळत असेल तर औषध निघण्याआधी द्या. एग-मोर्तच्या तटबंदीवरून गुलाबी मिठागरं दिसतात, आणि फ्लेमिंगो तर रस्त्याच्या कडेच्या पाण्यातही.

चोरीबद्दल स्पष्ट सांगतो. बार्सिलोना ते सीमा या पट्ट्यातल्या हायवेच्या थांब्यांवर ‘तुमचं चाक पंक्चर आहे’ असं सांगून गाडीतून उतरवतात आणि दुसऱ्या बाजूने बॅग उचलतात. कुणी असं खुणावलं तर दारं बंदच ठेवून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. पासपोर्ट आणि कार्डं अंगावर. किनाऱ्यावर गाडी लावताना काचेतून एकही बॅग दिसता कामा नये. गाडीत परावर्तक जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं; फ्रान्समध्ये गाडीतून उतरण्याआधी ते घालावं लागतं. कुठेही अडचण आली तर दोन्ही देशांत ११२.

निघण्याच्या दिवशी उरलेल्या गॅसच्या कुप्या कॅम्पसाइटच्या रिसेप्शनवर द्या, पुढच्या कुणालातरी उपयोगी पडतात. जिरोनाहून विमानतळ शंभरेक किलोमीटर आहे, पण बार्सिलोनाजवळ सकाळी ट्रॅफिक तुंबतो, दोन तास हाताशी ठेवा. टाकी विमानतळाजवळच्या पंपावर भरून पावती फोटोसह जपा, गाडी परत देताना चारी बाजू, काचा, चाकं आणि डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा टिपून घ्या. विमान टर्मिनल १ चं की २ चं हे तिकिटावर आधीच पाहा. बार्सिलोनात ही दोन टर्मिनल वेगवेगळ्या जागी आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला बस लागते.